तिसरा उन्हाळा

२०१९ च्या जुलैमध्ये माझ्या हातात दोन गोष्टी होत्या. इंजिनिअरिंगची डिग्री आणि पुण्याच्या एका कंपनीचं जॉइनिंग लेटर. जॉइनिंगला तीन आठवडे होते. गावात मित्र जमले होते, पाऊस बरा झाला होता, आणि राज्यभर ३३ कोटी झाडं लावायची मोहीम चालू होती. आम्ही म्हटलं, आपणही लावू. पण नुसती सावलीची कशाला? फळांची लावू. आंबा, सीताफळ, जांभूळ, आवळा, चिंच. वर्गणी काढली, रोपवाटिकेतून टेम्पो भरून आणला आणि दोन दिवसांत १५१ रोपं लावली. फोटो काढले. व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवलं. मग मी पुण्याला गेलो.

लॉकडाऊनमध्ये, एप्रिल २०२० ला, लॅपटॉप घेऊन गावी परत आलो. एका संध्याकाळी सहज तिकडे फिरायला गेलो आणि मोजलं. १५१ पैकी ९ झाडं जिवंत होती. त्यातली ६ सीताफळं, कारण सीताफळाच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही. म्हणजे ती सहा आम्ही जगवली नव्हती, शेळ्यांनी सोडली होती.

घरी येऊन आजीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "झाड लावू नको म्हनत नाही रे बापू. पन त्याले पानी कोन पाजन?"

त्या लॉकडाऊनमध्ये मला वेळच वेळ होता. आजीच्या या प्रश्नाचं उत्तर आधीच्या लोकांनी कसं दिलं होतं, हे मी शोधायला लागलो. हा लेख त्या शोधाचा आहे.

शेंदऱ्या, खोबऱ्या, शेप्या

दुसरबीड हे बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेड राजा तालुक्यातलं गाव. जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या जुन्या मुंबई–नागपूर रस्त्यावर. आता जवळून समृद्धी महामार्गही जातो. जिजाऊंचं जन्मस्थान असलेलं सिंदखेड राजा इथून जवळ. तिथला मोती तलाव आणि पुतळा बारव बघितली की कळतं, या भागात पाणी साठवण्यावर किती डोकं आणि पैसा खर्च झालाय. पाऊस पडतो, पण चार महिन्यांत. बाकीचे आठ महिने साठवलेल्यावर काढायचे.

आमच्या भावकीची नाल्याकाठी एक मुरमाड पट्टी आहे. सातबाऱ्यावर आठ घरांची नावं, सामाईक. तिथे एकेकाळी आमराई होती. आजी लग्न होऊन आली तेव्हा वीस-बावीस झाडं होती आणि प्रत्येकाला नाव होतं. सालीवर शेंदरी रंग चढायचा तो शेंदऱ्या. कच्चा असताना खोबऱ्यासारखा लागायचा तो खोबऱ्या. शेपूचा वास यायचा तो शेप्या. लोणच्याचा आमट्या वेगळा. ही सगळी कोयीपासून वाढलेली गावरान झाडं. कोयीपासून वाढलेल्या आंब्याचं प्रत्येक झाड वेगळं निघतं, म्हणून प्रत्येकाला वेगळं नाव. कलमाच्या बागेत असं होत नाही. तिथे शंभर झाडं म्हणजे एकाच झाडाच्या शंभर प्रती.

मी आजीला विचारलं, पाणी कोण घालायचं? तिने सांगितलेलं माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. राखणीला एक घर ठरलेलं होतं. पहिली काही वर्षं ते कावडीने पाणी घालायचं, काट्या लावायचं, जनावर हाकायचं. झाडं मोठी झाल्यावर आंबे उतरवायचं. त्या घराचा फळात वाटा होता. आठ घरांचा वाटा वेगळा. आणि वाऱ्याने पडलेला आंबा कुणाचाच नाही, म्हणजे जो उचलेल त्याचा. पोरं पहाटे उठून जायची ती त्यासाठीच.

आमराई गेली १९७२ नंतर. दुष्काळात विहीर आटली, ती खोल करायला पैसे हवेत म्हणून झाडं विकली. पाण्यासाठी झाडं गेली. एक शेंदऱ्या तेवढा राहिला, तो नाल्याच्या अगदी काठावर होता म्हणून.

आज्ञापत्रात नेमकं काय आहे

झाडांचा विषय निघाला की आपल्याकडे एक फॉरवर्ड हमखास येतो. शिवाजी महाराजांनी झाडं तोडू नका असं आज्ञापत्र काढलं होतं, असा. तो मजकूर आहे रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तला. अमात्यांनी शिवाजी महाराजांच्या काळापासून कारभार बघितला होता आणि १८व्या शतकाच्या सुरुवातीला, कोल्हापूरच्या गादीसाठी, त्यांनी राज्यकारभाराचा हा ग्रंथ लिहिला. झाडांबद्दलचा भाग त्यात आरमाराच्या प्रकरणात येतो. जहाजाला लाकूड लागतं, ते कुठून आणायचं, असा मुद्दा आहे.

फॉरवर्डमध्ये 'पर्यावरण' दिसतं. मूळ मुद्दा मला वेगळा वाटला. अमात्य म्हणतात, आंबा-फणसाची लाकडंही आरमाराला उपयोगी आहेत, पण त्यांना हात लावू देऊ नये. का? तर ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती लेकरांसारखी बरीच वर्षं जपून वाढवलेली असतात. ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही. एखादं झाड जुनं, निकामी झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मग तोडावं. जबरदस्ती अजिबात करू नये.

यात झाडाइतकंच झाड वाढवणारा माणूस महत्त्वाचा आहे. हुकूम झाडाच्या वतीने आहे तसा त्या माणसाने घातलेल्या वर्षांच्या वतीनेही आहे. आरमारासारख्या राज्याच्या मोठ्या गरजेपुढेही त्या वर्षांचं मोल कमी धरलेलं नाही.

याच्याही कितीतरी आधी सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड आणि आमराया लावल्याचं कोरून ठेवलंय. दिल्लीतल्या स्तंभावरच्या सातव्या लेखात ते आहे, आणि त्याच लेखात, त्याच ओळीने, विहिरी खोदल्याचाही उल्लेख आहे. झाडं आणि पाणी एकत्र. आमच्या २०१९ च्या पोस्टमध्ये फक्त झाडं होती.

१९व्या शतकातलं एक उदाहरण थोडं गमतीचं आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा विल्यम स्लीमन आपण ऐकलेला असतो. जबलपूर-नर्मदेच्या भागात फिरताना त्याने तिथली एक चाल नोंदवली आणि १८४४ च्या पुस्तकात ती छापली. आमराई लावणारा माणूस आणि त्याची बायको बागेतल्या एका आंब्याचं दुसऱ्या झाडाशी, बहुतेक वेळा चिंचेशी, लग्न लावल्याशिवाय त्या बागेचं फळ खात नसत. लग्न म्हणजे खर्च, जेवणावळ, सगळं गाव. मला ही चाल वाचून वाटलं की यात अंधश्रद्धेपलीकडेही काहीतरी आहे. झाडं जगली, फळाला आली, आता ही बाग अमक्याने वाढवली हे सगळ्यांसमोर जाहीर झालं. आणि हा समारंभ रोप लावताना नाही, ते जगल्यावर. आपण नेमकं उलटं करतो. फीत कापतो खड्ड्यापाशी.

माझ्या पगारातले २०० रुपये

पुण्यात नोकरी लागल्यावर पहिल्या सॅलरी स्लिपमध्ये एक कपात दिसली होती. पी. टी., २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. तुमचीही कापली जात असेल. मी कधी विचारलं नव्हतं की हा प्रोफेशन टॅक्स कशासाठी आहे.

तो आमच्या आमराईच्या मरणाशी जोडलेला निघाला.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर लाखो माणसं खडी फोडत होती, तलाव आणि रस्ते खणत होती. मागेल त्याला काम द्यायचं, ही कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते आणि दुष्काळाच्या आधीच सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात त्यांनी ती करून बघितली होती. दुष्काळात ती राज्यभर गेली. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसे कुठून आणायचे? त्यासाठी १९७५ मध्ये राज्याने प्रोफेशन टॅक्स आणला. शहरात पगार घेणाऱ्याने दर महिन्याला थोडं द्यायचं, त्यातून गावात काम मागणाऱ्याला मजुरी मिळायची. पुढे २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

१९९०-९१ मध्ये या हमीला फळबाग जोडली गेली. तोपर्यंत रोजगार हमी म्हणजे बहुतेक रस्ते, नालाबांध आणि पाझर तलाव. आता शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतात खड्डे खणणं, रोप लावणं, जगवणं हेही काम धरलं गेलं आणि त्याचा खर्च सरकारने उचलायचं ठरलं. कोकणातला आंबा-काजू, सोलापूरकडचं डाळिंब आणि बोर, आमच्या शेजारच्या जालन्यातली मोसंबी, यांच्या वाढीत या योजनेचा मोठा हात आहे.

या योजनांमधला मला सर्वांत शहाणपणाचा वाटलेला भाग म्हणजे पैसे देण्याची पद्धत. आत्ताची भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना बघा. पांडुरंग फुंडकर आमच्याच जिल्ह्यातले, खामगावचे. कृषिमंत्री असताना ३१ मे २०१८ ला वारले. त्यांच्या नावाने त्याच वर्षी ही योजना आली. रोजगार हमीत न बसणाऱ्या शेतकऱ्यांसाठी. अनुदान तीन वर्षांत मिळतं. पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी २०. आणि पुढचा हप्ता ठरावीक टक्के झाडं जिवंत असतील तरच.

म्हणजे सरकारी कागदाला आजीचा प्रश्न माहीत होता. पहिल्या उन्हाळ्यात सगळे उत्साहात असतात. दुसऱ्यात निम्मे. तिसऱ्या उन्हाळ्यात रोप कमरेएवढं असतं, जगेलसं वाटतं, आणि तेव्हाच सगळ्यांचं लक्ष उडतं. आंब्याची मुळं तोवर पुरेशी खोल गेलेली नसतात.

सरकारच्या मोठ्या वृक्षलागवड मोहिमांचे आकडे आपल्याला पाठ असतात. २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४, २०१८ ला १३, २०१९ ला ३३. हे सगळे लावायचे आकडे. तिसऱ्या उन्हाळ्याचा आकडा कुणाच्या तोंडावर नसतो. माझ्याही नव्हता.

पण एक अडचण उरते. फळबाग योजना चालते ती स्वतःच्या सातबाऱ्यावर. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या 'बाएफ'ने १९८२ पासून दक्षिण गुजरातच्या वांसद्यात आणि मग जव्हारसारख्या आदिवासी भागात केलेल्या 'वाडी'चंही तसंच. साधारण एकरभर जमीन, त्यात आंबा-काजू, कडेने जळणाची झाडं, आणि मालक एकच कुटुंब. पाणी घालणारा आणि फळ खाणारा एकच. मग गावाच्या, सामाईक जागेवर काय करायचं? तिथे पाणी सगळ्यांनी घालायचं असतं, म्हणजे कुणीच घालत नाही. आणि फळं सगळ्यांची असतात, म्हणजे जो आधी पोचेल त्याची.

आमचा क्लायंट जर्मनीतला आहे. कॉलवर एकदा हा विषय निघाला तेव्हा तिकडच्या सहकाऱ्याने सांगितलं की त्यांच्याकडे गावाबाहेरच्या रस्त्यांना सफरचंद, चेरी, प्लमची झाडं लावायची जुनी पद्धत आहे आणि फळांचा लिलाव व्हायचा, काही ठिकाणी अजून होतो. ज्या झाडांची फळं मालकाला नको असतात त्यांना हल्ली पिवळी फीत बांधतात. फीत दिसली की कुणीही तोडा. मी त्याला सांगितलं, आमच्याकडेही रस्त्याकडेच्या चिंचांचे लिलाव होतात. दोन्हीकडे मुद्दा तोच. फळ पिकायच्या आधी ते कुणाचं हे ठरलेलं असलं पाहिजे.

दुसरी पाळी

२०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही परत बसलो. या वेळी रोपवाटिकेत नाही, शेंदऱ्याखाली. आठ घरं, पुण्यातले आम्ही बारा मित्र, आणि आजी खुर्चीवर.

पहिल्या वेळच्या चुका मी एक्सेलमध्ये लिहून आणल्या होत्या. खड्डे पावसात खणले होते, ते उन्हात तापलेच नव्हते. पिशवीतल्या रोपांची मुळं आत गोल गोल फिरलेली होती, ती तशीच लावली. मुरमाड जागेत आंब्याचं कलम लावण्यापेक्षा कोय जागेवरच लावून, ती रुजल्यावर तिच्यावर कलम केलं, तर सोटमूळ सरळ खाली जातं. जुनी आमराई तशीच तर वाढली होती. म्हणून या वेळी शेंदऱ्याच्याच कोया लावायच्या आणि निम्म्यांवर कलम करायचं, निम्मी गावरानच ठेवायची असं ठरलं. सीताफळ जास्त, चिंच-जांभूळ नाल्याकडे.

मग हिशोब. आठ घरांना प्रत्येकी ८, एकूण ६४ झाडं. दर झाडाला आठवड्याला १५ लिटर पाणी, म्हणजे ९६० लिटर, म्हणजे जवळपास पाच ड्रम. फेब्रुवारी ते जूनच्या मध्यापर्यंत १८-१९ आठवडे. शेजारच्या विहिरीवरून ट्रॅक्टरने ड्रम आणायचे, बुंध्याशी पुरलेल्या मडक्यात पाणी भरायचं, आळ्यात सोयाबीनचं कुटार पसरायचं. पैशांचं सोपं होतं. आम्ही बारा जणांनी ठरवलं, जेवढा पी. टी. कापतात तेवढेच आणखी द्यायचे. महिन्याला २,४०० रुपये. त्यातून आठवड्याला ३०० रुपये मजुरी, उरलेलं डिझेलला आणि काट्यांना.

पाणी घालायला गावातल्याच एक मावशी तयार झाल्या. त्यांना शेत नाही. पहिला उन्हाळा उत्तम गेला. ६४ पैकी ५९ झाडं राहिली. मी गावी गेलो की फोटो काढायचो. २०२३ च्या मेमध्ये असाच फोटो काढत असताना त्या म्हणाल्या, "दादा, एक इचारू? फळं आली का मले हाकलसान ना?"

मी म्हटलं, नाही हो मावशी. पण कागद बघितला तेव्हा त्यात त्यांचं नाव कुठेच नव्हतं. आठ घरं, बारा वर्गणीदार, फळांच्या वाट्याचं कलम, सगळं होतं. पाणी घालणाऱ्याच्या नावापुढे फक्त मजुरी. मी आज्ञापत्र वाचलं होतं, मित्रांना ऐकवलं होतं, आणि लेकरासारखं झाड वाढवणाऱ्या बाईला रोजंदारीत मोजलं होतं. आजीच्या काळात राखणीच्या घराचा वाटा होता, हे मला माहीत असूनही कागद लिहिताना सुचलं नाही. शिकलेल्या माणसाला कागदावर मालक आधी दिसतो.

भावकीची बैठक परत बसवली. सोपी नव्हती. "मजुरी देतो ना, मग वाटा कशाचा?" असं एका काकांनी विचारलं, आणि तो प्रश्न खोटा नव्हता. एकदा वाटा दिला की हक्क सांगितला जातो, ही भीती गावात खरी असते. दोन तास बोलणं झालं. शेवटी सात घरांनी मान्य केलं: फळातला तिसरा हिस्सा पाणी घालणाऱ्याचा, झाडं जगतील तोवर, आणि त्यांनी काम सोडलं तर त्यांच्या जागी येणाऱ्याचा. वाऱ्याने पडलेलं फळ जो उचलेल त्याचं, जुन्या रिवाजाने. जमिनीवर कुणाचा नवा हक्क नाही. सगळ्यांनी सह्या केल्या, मावशींनी अंगठा नाही, सही केली.

काकांनी केली नाही. म्हणाले, माझी आठ झाडं मी बघतो. मला वाटलं, गेली ती आठ.

तिसरा उन्हाळा २०२५ चा होता. एप्रिलमध्ये विहिरीने तळ दाखवला. आठवड्याचे पाच ड्रम तीनवर आले. मावशींनी आपल्या मनाने ठरवलं की मोठ्या सीताफळांचं पाणी तोडायचं आणि कोयीच्या आंब्यांना द्यायचं. मला फोनवर नंतर कळवलं. माझ्या एक्सेलमध्ये हा निर्णय घेणारं सूत्र नव्हतं. मग नशीब उघडलं, मेच्या शेवटच्या आठवड्यातच मान्सून राज्यात आला. जूनमध्ये मोजलं तेव्हा ४७ झाडं जिवंत होती. त्यातली काकांची आठच्या आठ. ते रोज पहाटे सायकलला दोन कॅन लावून जात होते, कुणाला न सांगता.

मी त्यांच्याशी वाद जिंकलो नाही आणि हरलोही नाही. त्यांच्या झाडांना पाणी घालणारा आणि फळ खाणारा एकच आहे. आमच्या झाडांना आता तसंच आहे, फक्त माणसं दोन आहेत आणि मध्ये एक कागद आहे.

या जूनमध्ये मेलेल्या १७ जागांवर शेंदऱ्याच्या कोया नव्याने लावल्या. त्यांचा तिसरा उन्हाळा २०२८ मध्ये येईल. बारा मित्रांपैकी दोघे परदेशात गेलेत, एक जायच्या तयारीत आहे, म्हणून वर्गणीच्या यादीत माणसं शोधतोय. आजीला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "त्या बाईचं नाव लिवलं का कागदावर?"

म्हटलं, हो.

"मंग जगतीन," म्हणाली आणि तांदळाचं सूप पुढे ओढलं.